आई-अण्णा एप्रिलमध्ये येताहेत : वॉटफर्डहून, गाडी नसताना, इथलं वसंतातलं शिवार कसं दाखवू?

साताऱ्याची_लेक

मंडळी, नमस्कार. आई-अण्णा १२ एप्रिलला येताहेत, १० मेला परत जातील. दोघांचीही पहिलीच खेप. लंडन दाखवायचं म्हणून मी यादी करायला घेतली, तर अण्णा फोनवर म्हणाले, "ते घड्याळ नि तो पूल टीव्हीवर बघितलाय. तिथली शेती दाखव." कृषी खात्यात ३३ वर्षं काढली त्यांनी. घरी आले तरी आधी कुंडीतली माती चिमटीत घेऊन बघणार, मग चहा.

अडचणी सांगते. आमच्याकडे गाडी नाही. मोकळे फक्त शनिवार-रविवार. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर आरामात चालते, चढ आला की थांबते. ती साडीच नेसणार, हेही गृहीत धरा. एका रविवारी बर्मिंगहॅमहून दादा-वहिनी येतील. वहिनीला पाचवा महिना आहे आणि तिला मेंढ्यांची कोकरं बघायचीत, शक्य झालं तर बाटलीने दूध पाजायचंय.

मी इथे चार वर्षं आहे, पण खरं सांगते, स्टेशन, ऑफिस आणि दुकान सोडून कुठे गेले नाही. ब्लूबेल या निळ्या रानफुलांचं नाव ऐकलंय, बघितलेले नाहीत. कुठे जाऊ, कधी जाऊ, काय टाळू?

रीडिंगकर

आईंसाठी एक दिवस ब्लूबेल रेल्वेला द्या. ससेक्समध्ये शेफील्ड पार्क ते ईस्ट ग्रिनस्टेड अशी ११ मैलांची जुनी लाईन आहे. ती बंद पडल्यावर हौशी लोकांनी १९६० पासून स्वतः चालवायला घेतली. वाफेचं इंजिन, लाकडी डबे, आणि हंगाम असेल तर रुळांच्या कडेच्या रानात निळी फुलं. लंडन व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिनस्टेडला नेहमीची गाडी जाते आणि तिथेच शेजारी वाफेच्या गाडीचा फलाट आहे, त्यामुळे स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. माझ्या सासूबाई आयुष्यभर कऱ्हाडहून मिरजेला कोळशाच्या इंजिनाने गेलेल्या. इंजिनाची शिट्टी झाली आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला, तो पुढचं स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

दोघांचं वय साठीपुढे असेल तर स्टेशनवर पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढा. तिकिटाचा तिसरा हिस्सा वाचतो. महिनाभरात सहज वसूल होतं.

खडूच्या_टेकडीवरून

साताऱ्याची लेक, तुमच्या अण्णांचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. मी ट्रिंगजवळ १९ वर्षं राहते. वॉटफर्ड जंक्शनहून आमच्याकडे थेट गाडी येते, अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. लांब कुठे जाऊच नका. अण्णांना जे बघायचंय ते सगळं या पट्ट्यात आहे.

अण्णांना सगळ्यात आधी इथली वहिवाट दाखवा. कृषी खात्यातल्या माणसाला वहिवाट म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. अर्ध्या तालुक्याची भांडणं त्यावरूनच असतात. इथे शेताशेतांतून, कुणाच्या खाजगी जमिनीतून, कधी घराच्या अगदी कुंपणाला लागून पायवाटा जातात आणि त्यावरून चालायचा हक्क तुम्हाआम्हा सगळ्यांचा आहे. नागरिक असा, पाहुणे असा, कुणी विचारत नाही. खांबावर पिवळा बाण असेल ती पायी चालायची वाट, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. या वाटांचा अधिकृत नकाशा काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात असतो. १९४९ च्या कायद्याने तो करायला लावला. आपल्या गावनकाशासारखाच. त्यावर वाट आहे म्हणजे आहे, जमीन दहा वेळा विकली तरी.

माझी आई २०१६ च्या एप्रिलमध्ये आली होती. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. चिपळूणजवळ आमच्या आगरातून शेजाऱ्यांची वाट जायची आणि त्या वाटेपायी दोन घरांत वीस वर्षं बोलणं नव्हतं. आई इथल्या शेताच्या फाटकाशी आली आणि उभीच राहिली. म्हणे, "दुसऱ्याच्या पिकातनं कसं जायचं? मालक ओरडेल." मी पिवळा बाण दाखवला, तरी हलेना. तेवढ्यात मालकच ट्रॅक्टरवरून आला, हात वर केला, "मॉर्निंग" म्हणाला आणि गेला. त्या दिवशी आईने दुसरं काही बघितलं की नाही देव जाणे, पण घरी जाऊन मामाला फोनवर तेवढंच सांगितलं.

अण्णांना आणखी एक सांगा. शेताच्या मधोमध जाणारी वाट नांगरताना मोडली तर शेतकऱ्याने ती १४ दिवसांत परत करून द्यायची असते, पिकातून किमान एक मीटर रुंद. बांधाच्या कडेने जाणारी पायवाट तर नांगरायचीच नाही. एप्रिलच्या शेवटी पिवळ्याधमक ऑइलसीड रेपमधून ती मीटरभर वाट सरळ निघालेली दिसते. ते पीक आपल्या मोहरीच्या कुळातलं. ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात, थंडीभर जमिनीला चिकटून बसतं, एप्रिल-मेमध्ये फुलतं आणि कापणी थेट जुलै-ऑगस्टात. अण्णा हिशोब करतील : जवळजवळ वर्षभर एकच पीक. फुलोऱ्यात कुणाला शिंका, डोळ्यांना खाज असा त्रास होत असेल तर गोळी जवळ असू द्या.

आता दिवस कसे काढायचे ते.

एक दिवस ऑल्डबरी. ट्रिंग स्टेशनवरून मैलभर चाललं की गाव येतं. मधोमध तळं, त्यात बदकं, आणि तळ्याकाठी जुना खोडा अजून जपून ठेवलाय. हो, गुन्हेगाराचे पाय अडकवायचा खोडाच, शेजारी फटके मारायचा खांब. तळ्यापासून वर ॲशरिजच्या रानात (बीच नावाच्या झाडांचं रान) चढ आहे आणि तो आईंसाठी नाही. त्यांना वर न्यायचं असेल तर टॅक्सी करून ब्रिजवॉटर मॉन्युमेंटपाशी उतरा. वरच्या वाटा बऱ्याचशा सपाट आहेत, चहाची सोय आहे. तो उंच खांब १८३२ चा, कालवे खणवणाऱ्या ड्यूकच्या स्मरणार्थ. कालव्याचं पुढे येईलच.

ब्लूबेल याच रानात. आमच्याकडे साधारण एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला. थंडी रेंगाळली तर थोडं पुढे. कारण सोपं आहे. बीचला पानं फुटून वर छत झालं की खाली ऊन पोचत नाही, म्हणून ही फुलं त्याआधीच आपलं उरकून घेतात. जगातल्या ब्लूबेलपैकी जवळजवळ निम्मी या देशात आहेत. १९८१ च्या कायद्याने रानातले कंद उपटणं गुन्हा आहे. पण त्याहून जास्त नुकसान पायांनी होतं. पान चिरडलं की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो तुकडा सावरायला कित्येक वर्षं लागतात. फोटोसाठी लोक फुलांत जाऊन बसतात ना, तिथे पुढच्या वर्षी नुसती माती असते. मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी पोटात तुटतं. कृपा करून वाटेवरच राहा आणि मुलांनाही ठेवा.

डॉकी वूड हा तिथला सगळ्यात दाट तुकडा. हंगामात शनिवार-रविवारी तिथे नॅशनल ट्रस्टचं (जुन्या वास्तू आणि रानं जपणारी संस्था) तिकीट असतं, निघायच्या आधी त्यांचं संकेतस्थळ बघा. पण मला विचाराल तर मॉन्युमेंटच्या आसपासच्या पायवाटांवर जे तुरळक पट्टे लागतात तेच बरे. निळाई अचानक समोर येते, मागे रांग नसते. संध्याकाळी जा. मेच्या सुरुवातीला साडेआठपर्यंत उजेड असतो आणि तिरप्या उन्हात तो निळा रंग जमिनीवरून वर उचलल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्यात तो जांभळाच येतो, त्यामुळे डोळे भरून बघून घ्या.

दुसरा दिवस मार्सवर्थ. हा खास आईंसाठी. ग्रँड युनियन कालव्याच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढत न्यायचे, ती वाट आता चालायला आहे. बहुतेक सपाट आणि कुठेही स्टाइल नाही. (स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायला ठोकलेल्या लाकडी पायऱ्या. साडी आणि गुडघे दोन्हींचा शत्रू. नकाशावर त्या दाखवलेल्या नसतात, म्हणून नव्या वाटेवर आईंना न्यायच्या आधी तुम्ही एकदा चालून या.) मार्सवर्थला लागोपाठ सात लॉक आहेत. नाव आत घेतात, फाटक लावतात, पाणी सोडून नाव चढवतात किंवा उतरवतात. सगळं हाताने. अण्णा तिथे तासभर हलणार नाहीत. दर नाव चढून गेली की माथ्यावरचं पाणी दोन्ही बाजूंना खाली जातं, ते भरून काढायला शेजारी तलाव बांधलेत. पाटबंधाऱ्याचं गणित त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

त्याच तलावांवर वसंतात ग्रीब पक्ष्यांचा नाच चालतो. आपल्या टिबुकलीच्या जातीचा, पण मोठा आणि डोक्यावर तुरा असलेला पक्षी. नर-मादी समोरासमोर माना हलवतात, चोचीत पाणवनस्पती घेऊन छातीला छाती लावून पाण्यावर उभी राहतात. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ले यांनी १९१२ च्या वसंतात इथे ट्रिंगलाच बसून हे टिपलं आणि १९१४ मध्ये छापलं. पक्ष्यांच्या वागण्याच्या अभ्यासात ते काम अजून मानतात. वर बघाल तर घारी दिसतील, तांबूस, शेपूट दुभंगलेली. इंग्लंडातून त्या संपल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून पिल्लं आणून याच चिल्टर्नच्या डोंगरांत सोडली. आता माझ्या परसावर रोज फिरतात.

नकाशा घ्या, ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथलं सरकारी नकाशा खातं) एक्सप्लोरर १८१, नारिंगी वेष्टनाचा. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हिरव्या तुटक रेघा म्हणजे वाटा. फोनवरही मिळतो, पण अण्णांना कागदी द्या.

आणि थंडी. साताऱ्यात पारा अडतीसला असेल तेव्हा ती दोघं इथे दहा-बारा अंशांत उतरतील, त्यात वारा. माझ्या आईने साडी जरा वर खोचली, आत लोकरी लेगिंग, पायात घोट्यावर येणारे बूट. छान चालली. चपला नकोत, चिखल असतोच.

लेस्टरची_मिडवाईफ

वहिनींसाठी लिहिते, कारण हे लोकांना माहीत नसतं. गरोदरपणात विणीच्या काळातल्या मेंढ्या आणि नवी कोकरं यांच्याजवळ जायचं नाही. टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, मेंढ्यांमधला क्लॅमिडिया, यांचा संसर्ग होऊन गर्भाला धोका असतो. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेचा, सल्लाही हाच आहे. धोका क्वचितच उद्भवतो, पण उद्भवला तर फार मोठा. बाटलीने दूध पाजणं नको, कोकराला हात लावणं नको, आणि दादा जाऊन हाताळून आले तर त्यांचे ते कपडे-बूटही वहिनींनी धुवायचे नाहीत.

कुंपणाबाहेरून, लांबच्या वाटेवरून बघायला काहीच हरकत नाही. टेकडीच्या उतारावर संध्याकाळी दहा-बारा कोकरं मिळून उगाच शर्यत लावतात. लांबूनच ते जास्त छान दिसतं. दूध पाजायला पुढच्या वर्षी बाळाला घेऊन जा म्हणावं.

साताऱ्याची_लेक

मिडवाईफ ताई, मनापासून आभार. मी एका फार्मचं तिकीट काढणारच होते आणि त्यांच्या पानावर हे कुठेच दिसलं नाही. वहिनीला लगेच फोन केला.

खडूच्या टेकडीवरून ताई, तुमचं उत्तर अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. एक मीटरवर ते अडकलेत. "मोजतं कोण?" म्हणाले. आणि आई विचारते, तिथे रानात काही भाजी मिळते का.

स्विंडनवाला

मिळते. रानलसूण. इथे वाइल्ड गार्लिक किंवा रॅमसन्स म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याकाठच्या सावलीत पाऊल टाकलं की वासच सांगतो. रुंद हिरवी पानं, नंतर पांढरी चांदण्यांसारखी फुलं. राखीव रान किंवा नॅशनल ट्रस्टची जागा सोडून इतरत्र घरापुरती मूठभर पानं खुडायला चालतं, पण मालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटायचं नाही. आणि एक जपा : त्यातच लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाचं विषारी रोप उगवतं, कोवळं असताना पान फसवतं. वासावर विसंबू नका, चार पानं खुडली की लसणीचा वास हातालाच असतो. एकेक पान बघून घ्या. भाजणीत बारीक चिरून घालून थालीपीठ लावा. आईंनी भाजणी आणायला विसरू नये.

साताऱ्याच्या आहात म्हणून आणखी एक. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आमच्या बाजूला क्रिकलेडला या, स्विंडनहून बस मिळते. नॉर्थ मेडो नावाचं कुरण आहे, टेम्स आणि चर्न या दोन नद्यांच्या मधे. तिथे स्नेक्स-हेड फ्रिटिलरी फुलते. मान खाली घातलेली घंटा आणि त्यावर अगदी चौकटीच्या लुगड्यासारखी जांभळी-पांढरी नक्षी. या देशात रानात उरलेल्या या फुलांपैकी बहुतेक सगळी त्या एका कुरणात आहेत. मी कासचा. कुंपण घालण्याआधीचं पठारही पाहिलंय आणि नंतरचंही. इथे मला कळलं की हे कुरण कुंपणाने राहिलेलं नाही, जुन्या रिवाजाने राहिलंय. फुलांचं बी पडून गेल्यावर जुलैत गवत कापायचं, मग १२ ऑगस्टपासून १२ फेब्रुवारीपर्यंत गावाची गुरं चरायला सोडायची, आणि नंतर कुरण बंद. नांगर नाही, खत नाही, पूर येतो तो गाळ टाकून जातो. अण्णांना हे नक्की आवडेल. पाऊस फार झाला तर वाटा पाण्याखाली असतात, निघायच्या आधी चौकशी करा.

खडूच्या_टेकडीवरून

अण्णांना सांगा, मोजायला काउंटीचा माणूस असतो, आणि कुणीही वाटसरू तक्रार करू शकतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी हयातभर तेच केलं. मोडलेलं फाटक, वाढलेल्या काट्या, पडलेला खांब, सगळं कळवायचे. मला वाटा त्यांनीच दाखवल्या. बांधावरच्या कुंपणांचंही सांगा : १ मार्च ते ३१ ऑगस्ट ती छाटायची नाहीत, आत पक्ष्यांची घरटी असतात. एप्रिलमध्ये आधी ब्लॅकथॉर्न पांढरा होतो, पानांशिवाय नुसती फुलं. मे लागला की हॉथॉर्न, तो पानांसकट.

गाई असलेल्या शेतात वासरं दिसली तर लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मधे कधी जाऊ नका. मी एकदा गेले होते. पळत फाटक गाठलं आणि संध्याकाळपर्यंत हात कापत होते.

साताऱ्याची_लेक

आज २७ एप्रिल. आत्ताच ऑल्डबरीहून आलो, बूट अजून दारात आहेत.

ब्लूबेल होते. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "वास पण आहे गं, हळूच." टॅक्सीने वर गेलो ते बरं झालं. खोड्यापाशी अण्णांनी फोटो काढून घेतला. परतताना रेपच्या शेतातली वाट लागली. अण्णांनी छत्री वाटेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकांना हाताची वीत लावली आणि म्हणाले, "भरतोय मीटर. वर चार बोटं जास्तच." मग वाकून मातीतला एक गारगोटीचा खडा उचलला, पांढरी साल आणि आत काळा. तो आता खिडकीत ठेवलाय.

पुढच्या शनिवारी मार्सवर्थ करायचं ठरतंय. ट्रिंग स्टेशनवरून आईला चालत झेपेल का, की तिथेही टॅक्सी करू?

खडूच्या_टेकडीवरून

स्टेशनपासून कालव्याकाठाने अडीच-तीन मैल होतात, आईंना नको. टॅक्सीही नको. साडेनऊच्या सुमाराची गाडी पकडा, मी स्टेशनवर गाडी घेऊन येते. आईंना पुढे बसवू. रानलसूण परसामागच्या ओढ्याला अजून आहे, थालीपिठं मी लावून आणते. दही तेवढं तुम्ही आणा.